डोंगरावरची पांढरी रेघ

फार वर्षांपूर्वी, बैलांचे तांडे घाटावरून मीठ वाहत असत त्या काळी, डोंगरातल्या एका गावात एक कासारीण राहत होती. तिचा हात इतका हलका होता, की बांगडी मनगटावर कधी चढली ते लेकीबाळींना कळायचंही नाही.

एकदा गावात हौसा नावाच्या मुलीचं लग्न निघालं. चुडा भरताना एक बांगडी पिचली. त्याच दिवशी नवऱ्या मुलाला वाटेत ताप भरला आणि वऱ्हाड वेशीवरूनच माघारी गेलं. झालं! "कासारीण पांढऱ्या पायाची," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळं गाव तेच म्हणू लागलं. पाटील म्हणाले, शेजारीण म्हणाली. हौसा मान खाली घालून बसली होती. तीही काही बोलली नाही.

कासारणीनं बांगड्यांची पेटी उचलली आणि गाव सोडलं.

खाली सपाटीवरच्या मोठ्या शहरात तिचं नाव झालं. खाऊनपिऊन ती सुखी होती, पण तिचा जीव कुठं ठरत नसे. भाकरी थापताना हात मध्येच थांबे. शेजारणी विचारत, "काय गं, काय झालं?" ती म्हणे, "काही नाही." आणि खरंच, काय होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढं एका भाद्रपदात गडावरच्या राणीसाहेबांचं डोहाळजेवण ठरलं. चुडा भरायला तिलाच बोलावणं आलं. असा मान कासाराच्या घरात सात पिढ्यांत एकदा मिळतो. ती तांड्याबरोबर निघाली.

सकाळी तांडा घाटमाथ्यावर न्याहारीला थांबला. पाऊस नुकताच उघडला होता. बघता बघता धुकं फाटलं आणि समोरच्या डोंगरांची रांगच्या रांग उन्हात आली. हिरवे उतार, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि मधे मूठभर घरं. ते तिचंच गाव होतं.

तांड्यात एका व्यापाऱ्याची बायको होती. ती टाळी वाजवून म्हणाली, "अगंबाई, किती सुंदर! आणि तो धबधबा तर बघा, जशी दुधाची धार!"

गावाच्या वर, डोंगराच्या अंगावर एक पांढरी रेघ उतरली होती.

कासारणीनं हातातली भाकरी खाली ठेवली. ती उठली, बसली, पुन्हा उठली. जुना अपमान टोचतोय असं तिला वाटलं. तिनं तोंड फिरवून पाहिलं, पण डोळे पुन्हा तिकडंच गेले. त्या उतारावर तिचं लहानपण शेळ्यांमागं गेलं होतं. करवंदीच्या जाळ्या, घसरडा कातळ, उन्हात तापलेला गवताचा वास, सगळं तिच्या अंगावर धावून आलं. आणि एकदम तिला कळलं. तिथं पाणी कधी नव्हतंच!

"नायक," ती तांड्याच्या म्होरक्याला म्हणाली, "तिथं धबधबा नाही. वर आमच्या गावाचं तळं आहे. त्याचा मातीचा बांध पाझरतोय."

"मग गावाला दिसत नसेल का?"

"मधे डोंगराची सोंड आहे. गावातून ती बाजू दिसत नाही."

नायकानं गडाच्या वाटेकडं बोट दाखवलं. "बाई, आज गडावर पोचायलाच हवं. तुम्ही नसलात तर दुसरी कासारीण बोलावतील. आणि ज्या गावानं तुम्हाला हाकललं, त्याच्यासाठी जाणार?"

तिलाही तेच वाटत होतं. शिवाय दुसरी भीती होतीच. ती सांगायला गेली आणि बांध टिकला, तर गाव हसणार. फुटला, तर हीच अपशकुनी म्हणणार. तिनं गडाच्या वाटेकडं पाहिलं, मग त्या रेघेकडं. रेघ मघापेक्षा रुंद झाली होती.

तिनं पेटी नायकाच्या हाती दिली. "चुडा राणीसाहेबांना पोचवा. कुणीही भरू दे." आणि पदर खोचून ती दरीत उतरली.

ओढे ओलांडत, ठेचकाळत ती गावात पोचली तेव्हा दुपार कलली होती. पारावर पाटील आणि चार माणसं बसली होती.

"तू?" पाटील उठून उभे राहिले.

"तळ्याचा बांध फुटतोय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोरांना टेकाडावर न्या. गुरं सोडा. आणि कुदळ-कुऱ्हाड घेऊन बांधावर चला."

"इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस ते हे अभद्र बोलायला?" एकजण खेकसला.

"मला काय म्हणायचं ते म्हणा," तिला धाप लागली होती, "पण चालता चालता म्हणा!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात हौसा घरातून बाहेर आली. तिचं पुढं गावातच लग्न झालं होतं. तिनं कासारणीच्या रक्ताळलेल्या पायांकडं पाहिलं. एक पोर कडेवर घेतलं, सासूचा हात धरला आणि टेकाडाची वाट धरली. तिच्यामागं तिची जाऊ निघाली, मग सगळी आळी निघाली.

पाटील माणसं घेऊन वर धावले. पाहतात तो बांधाच्या पोटातून पाणी उसळत होतं. जादा पाणी वाहून जायचा सांडवा आडव्या पडलेल्या झाडानं बुजला होता. कुऱ्हाडी चालल्या, झाड निघालं, सांडवा वाहू लागला. तळं उतरायला लागलं. तरी दिवस मावळता मावळता बांधाचा एक कोपरा ढासळलाच. पाण्यानं खालच्या आळीच्या भिंती आणि भाताची खाचरं नेली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

गडावर दुसऱ्याच कासारणीनं चुडा भरला आणि सोन्याचं कडं मिळवलं. इकडं ही गावातच राहिली आणि बांध पुन्हा उभा राहीपर्यंत मातीच्या पाट्या वाहत राहिली.

माती वाहता वाहता एकदा हौसा चिडून तिच्याजवळ आली. "मावशी, काही लोक अजून म्हणतात, तुम्ही आलात आणि बांध फुटला! ऐकवत नाही मला."

कासारणीनं डोक्यावरची पाटी उतरवली, घाम पुसला आणि खूप दिवसांनी मोकळी हसली.

"म्हणू दे गं," ती म्हणाली. "म्हणायला जिवंत आहेत ना!"

तात्पर्य इतकंच: दुरून गाव सगळ्यांनाच देखणं दिसतं. ज्याचा जीव त्यात अडकला आहे, त्याला त्याचं दुखणं दिसतं. आणि ते दिसल्यावर रुसून बसता येत नाही.