तुहिनकेतूची तीन पावलं

एका राज्यात, जिथली वाट या कथेकऱ्याइतकी पक्की कोणालाच ठाऊक नाही (त्यालाही अर्धीच, अन् तीसुद्धा ऐकीव), चहूकडे समुद्र आणि समुद्रावर बर्फ होता. तिथली रीत अशी, की थंडीचा नवा बर्फ धरला की राजानं त्यावर अनवाणी पहिलं पाऊल टाकायचं. मगच तो जाड व्हायचा. मग त्यावर सीलमाद्या पिल्लं घालायच्या, पांढरी अस्वलं शिकार करायची.

राजा तुहिनकेतू महाशूर. फक्त पायांना गार लागायचं. त्यानं पायांऐवजी रत्नजडित पादुका पाठवल्या. बर्फाची राखण करणारी हिमजोगीण संतापली. "पादुका पाठवतोस? मग पादुकांपुरताच बर्फ उरेल!"

तीन हिवाळे गेले. बर्फ आटत आटत अंगणाएवढा राहिला. सीलची पिल्लं खडकांवर कण्हत पडली. उपाशी अस्वलं किनाऱ्यावर येऊन पक्ष्यांची अंडी फोडू लागली, मग महालाची दारं हुंगू लागली. दाराखालून येणारा तो उष्ण फुत्कार ऐकला, की राजा पाय वर घेऊन पलंगावर बसे.

एके सकाळी खिडकीत कुररी पक्षीण आली. तिचं घरटं रिकामं झालं होतं.

"राजा, चुकलेल्या तीन हिवाळ्यांची तीन पावलं बर्फावर टाक. अनवाणी, एकट्यानं. मागे सरलास तर तू नाहीस, आम्हीही नाही."

"बाहेर अस्वलीण आहे."

"म्हणून तर आजच जा. उद्या ती आत असेल."

राजा निघाला. पहिल्या पावलाला बर्फ कडाडला. बोटांपाशी फुटलेली भेग थेट पाण्यापर्यंत धावली. दुसऱ्या पावलाला पाणी घोट्यावर चढलं, आणि खाली तळ दिसेना. तिसऱ्या पावलाच्या जागी अस्वलीण उभी होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तिनं राजाचं तोंड हुंगलं. मग गळा हुंगला. राजाला पळायचं होतं. त्यानं डोळे मिटले आणि तिच्या छातीला छाती भिडेल असं पाऊल टाकलं.

शाप सुटला. पायाखालून बर्फ चहूदिशांना धावत सुटला, तो क्षितिजाला जाऊन टेकला. सीलची पिल्लं त्यावर सरकली. अस्वलीण राजाला सोडून शिकारीच्या वाटेला वळली, तिची पिल्लं मागोमाग.

राजाचा जीव परत आला, जिभेसकट. "पाहिलंस ना, अस्वलीणबाई? अनवाणी चाललो मी! अनवाणी!"

अस्वलीण मागे न वळताच म्हणाली, "आम्ही जन्मभर अनवाणीच चालतो, महाराज. आमची कोणी आरती ओवाळली?"