अनसाबाई बिब्बा नाकारतात

श्रीअचलानंद महाराजांचा मुक्काम त्या साली सायखेडीच्या मारुतीच्या देवळात होता. देवळाचं सडासारवण सत्तरीच्या अनसाबाई करीत. भाविकहो, त्यांचं डोकं महिनाभर ठणकत होतं, आणि गावात औषध सांगणाऱ्यांची ददात नव्हती.

त्यांचे दीर, सरपंच जालिंदरराव, यांनी निदान केव्हाच करून टाकलं होतं. "म्हातारपण आहे, वहिनी. नाहीतर काम टाळायचं ढोंग." उपायही ठरला होता: कानशिलावर तापल्या बिब्ब्याचा डाग. त्या सकाळी बिब्बा निखाऱ्यावर चरचरायला लागला तशा अनसाबाई उठल्या आणि थेट देवळात आल्या.

"मी डाग घेणार नाही, महाराज. असं दुखणं जन्मात नव्हतं. ते वयाच्या नावावर खपवून घेणार नाही."

मागोमाग जालिंदरराव आले, चिमट्यासकट. "तुम्हीच समजवा यांना."

महाराजांनी तिकडे पाहिलंही नाही. "माय, विंचरताना दुखतं?"

"फणी टेकवू देत नाही."

"भाकरी चावताना?"

"अर्ध्यातच जबडा भरून येतो. आणि..." हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, आंधळी ठरवून कोपऱ्यात बसवतील म्हणून. "काल उजव्या डोळ्यापुढं पडदा आला. थोड्या वेळानं गेला."

महाराजांनी कानशिलावर हलकेच बोट ठेवलं. शीर दोरीसारखी टणक लागली. महाराज म्हणाले, "ही शीर सुजली आहे. हिच्यापायी डोळा जाईल, आणि गेलेला डोळा मलाही परत आणता येत नाही. आत्ताच्या आत्ता तालुक्याच्या दवाखान्यात चला."

"एसटी उद्या," जालिंदरराव म्हणाले. "आणि जीपमध्ये पेट्रोल नाही." जीप मागणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत. त्या दिवशी नेमकं ते खरं होतं.

महाराज जाऊन जीपमध्ये बसले. अनसाबाईही बसल्या. "भावजी, चावी फिरवा."

"फिरवून काय होणार?"

"मग भिता कशाला?"

चावी फिरली आणि जीप निघाली. घाट चढली, उतरली, दवाखान्याच्या फाटकाशी थांबली. जालिंदररावांनी टाकीत काडी घालून पाहिली. कोरडी निघाली. शंकेखोरांनी एवढंच ध्यानात घ्यावं की स्वतःचं पेट्रोल जळत असतं तर सरपंच आलेच नसते.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि तिथल्या तिथे गोळ्या सुरू केल्या. "उशीर केला असता तर डोळा गेला असता. आता या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत."

"मनानं औषध करणारी मी नव्हे," म्हणत अनसाबाईंनी दिराकडे पाहिलं.

दोन-चार दिवसांत ठणका उतरला. जालिंदरराव देवळात येऊन महाराजांपुढे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे कशाला? डाग कुणाला देत होतास?"

भरल्या देवळात सरपंचांनी वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं. अनसाबाईंनी ते दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.