शाबासकीला चटावलेला काटा

रस्त्यावर मोटारींपेक्षा बैलगाड्या जास्त होत्या, त्या काळी सोराबशेठांच्या लाल शर्यतीच्या मोटारीत तेलाचा दाब दाखवणारा एक काटा होता. थंड इंजिनात तेल घट्ट असल्याने तो उंच चढे आणि शेठ म्हणत, "शाबास!" इंजिन तापून काटा उतरला, की शेठांचा चेहराही उतरे. शेवटी त्यांनी काकवीसारखे दाट तेल ओतले. काटा कायम टोकाला राहू लागला.

इंजिनाच्या पोटातून बेअरिंगबाई म्हणाल्या, "काटेराव, तुमचा दाब वाढला, पण इतके दाट तेल माझ्यापर्यंत पोचत नाही. मी जळेन."

"बाई, इथून तर सारे उत्तम दिसते."

"उद्या घाटाची शर्यत आहे. मी जळाले की इंजिन बसेल आणि तुम्ही शून्यावर याल. मग भंगारात शेजारीच भेटू."

दुसऱ्या दिवशी शर्यत सुरू होण्याआधीच काटा आपणहून शून्यावर आडवा झाला. शेठांनी घाबरून इंजिन बंद केले आणि मिस्त्रीला बोलावले. त्याने ती काकवी काढून पातळ तेल भरले.

आता काटा मध्यावर असतो आणि शेठ त्याच्याकडे पाहतही नाहीत. थंडीच्या सकाळी मात्र तो रीतसर वर चढतो आणि गरजेपेक्षा क्षणभर जास्त रेंगाळतो. तेव्हा खालून बेअरिंगबाई खाकरतात.