ठकूबाईचं बोंडलं

"...मग अजून शिकायचं उरलं काय, बुवा?"

अच्युताने हे विचारलं तेव्हा त्याची पेटी बांधूनही झाली होती. टेकडीवरच्या मठात रामगीरबुवांकडे वैद्यकी शिकत त्याला सहा वर्षं झाली. काढे, चूर्णं, चाटणं, गोळ्या, लेप, सगळं त्याला तोंडपाठ. शहरातून त्याने मापाचा काचेचा पेला आणि थेंब मोजायची रबरी फुग्याची नळीही आणवली होती. मान हल्ली जरा ताठच झाली होती म्हणा ना.

तालुक्याला दवाखान्याची जागा ठरली होती. अडलं होतं ते बुवांच्या निरोपावर. गुरूने निरोप दिल्याशिवाय त्या मठातला शिष्य बाहेर कुणाच्या नाडीला हात लावत नसे.

बुवा खलात सुंठ कुटत होते. वर न बघता म्हणाले,

"ठकूबाईच्या पोटात औषध गेलं का आज?"

अच्युताने पेटीची गाठ पुन्हा आवळली.

ठकूबाई म्हणजे पंचक्रोशीची सुईण. गावातल्या निम्म्या तोंडांत पहिला थेंब तिनेच घातलेला. चार दिवसांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, वर ताप चढला. लेकाने तिला खाटेवर घालून मठात आणलं.

"गोळी गालातच राहते," अच्युत म्हणाला. "चूर्णाने ठसका लागतो. चाटण ओठावर वाळतं. काढा ओतला तर सगळा उशीवर. बाई हट्टी आहे, बुवा. दात आवळून धरते. तिथे विद्येने काय करायचं?"

"आणि असंच चाललं तर?"

अच्युताने बोटं मोजली.

"बोल की."

"दोन दिवस. फार तर तीन."

बुवा उठले. ठकूबाईच्या गाठोड्यातून त्यांनी एक बोंडलं काढलं. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं, मुठीत मावणारं, चोचीचं पितळी भांडं. त्यात त्यांनी तापावरचा, कडूजहर किराईताचा काढा भरला. या काढ्याचं नाव काढलं की गावातली पोरं झाडावर चढून बसत.

पडवीत ठकूबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. बुवांनीच तिला पाठीशी उशी देऊन तसं बसवलं होतं.

"अच्युता, बस खाटेवर, तिच्यासमोर."

"पाजू?"

"नाही. पी."

आणि बोंडलं त्यांनी ठकूबाईच्या चांगल्या, उजव्या हातात दिलं.

"ठकूबाई, या पोराला औषध पाजायचंय. बघ तुला जमतंय का."

अच्युताचे कान तापले. सहा वर्षं शिकलेला माणूस, आणि रोग्याच्या हातून बोंडल्याने प्यायचं? पण बुवांचा शब्द. त्याने डोळे मिटले, तोंड उघडलं, हनुवटी वर केली.

काहीच झालं नाही.

"मान... खाली," ठकूबाई म्हणाली. शब्द जड येत होते. "खाली घाल रं, लेकरा."

त्याने मान खाली घातली.

तिने ओतलं नाही. नुसती चोच ओठाला लावली आणि थांबली. त्याचे ओठ सैल होईपर्यंत थांबली. मग गालाच्या कोपऱ्यात दोन थेंब... आणि नजर त्याच्या गळ्यावर. त्याने गिळलं तसा तिचाही गळा हलला.

"घाई... कुनाला हाय?"

पुन्हा दोन थेंब. बाहेर काही सांडलं नाही.

तिसऱ्या घोटाला अच्युताला आठवलं. चार दिवस तो उभ्या उभ्या, हिची हनुवटी वर धरून, चमच्याने ओतत होता. बाई हट्टी नव्हती. बाई गुदमरत होती. आणि त्याबद्दल एक वाकडा शब्द न बोलता ती त्याला पाजत होती. आपल्याला इतक्या मायेने शेवटचं कुणी काय पाजलं होतं, ते त्याला आठवेना. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

बोंडलं संपलं. त्याने ते धुऊन पुन्हा भरलं. मग तो खाली जमिनीवर बसला, म्हणजे त्याच्याकडे बघताना तिची मान आपसूक खाली येईल. चोच तिच्या ओठाला लावली.

थांबला.

पडवीतलं ऊन खांबापर्यंत सरकलं तेव्हा बोंडलं रिकामं झालं होतं. उशी कोरडी होती.

अच्युताने ठकूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमचे उपकार मी विसरायचा नाही," तो म्हणाला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"ग्वाड पाजलंस," ती म्हणाली.

मग तो बुवांकडे आला. बुवांचं सुंठ कुटणं पुन्हा चालू झालं होतं.

"बुवा, पेटी सोडतो. मला निरोप नको. मला अजून काही येत नाही."

"ते राहू दे. किराईत कसा लागला?"

अच्युताने ओठांवरून जीभ फिरवली.

"कडू होता का... माझ्या लक्षातच आलं नाही, बुवा."

बुवांनी बत्ता खाली ठेवला.

"मग ठकूबाई उठून चालायला लागली की नीघ. तिकडे लोक वाट बघत असतील."