रेघेपुढे गेलेली गाडी

त्या मुलखात शब्दाला किंमत उरली नव्हती. विहिरीत पाणी आहे असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा आधी खडा टाकून बघे, आणि आवाज आल्यावरही दुसरा खडा टाके. त्यामुळे तिथे चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची वर्षातून एकदा तपासणी होई. मोटारींची तपासणी गावाबाहेरच्या उतारावर होत असे. उताराच्या पायथ्याशी चुन्याची एक रेघ होती. वरून आलेली गाडी त्या रेघेवर थांबली, तर तिच्या काचेवर पिवळा बिल्ला लागे. तीनदा रेघ ओलांडली, की गाडी माळावरच्या भंगारात जाई, आणि तिथून ती कोणाला परत मिळत नसे.

साळूबाई नावाच्या एका साळिंदरिणीकडे फार जुनी गाडी होती. गाडीचा मूळ रंग निळा होता की हिरवा, याबद्दल दोन मते होती, आणि त्यांपैकी एक मत मांडणारा गेल्या हिवाळ्यात वारला होता. तो साळूबाईचा नवरा, साळोबा. गाडी साळूबाई चालवी. साळोबा डाव्या बाजूला मांडीवर पिशवी घेऊन बसे. नियमाप्रमाणे तपासणीला घरचे एक जण सोबत नेता येई, म्हणून दरवर्षी दोघे मिळून जात, आणि दरवर्षी गाडी बरोबर रेघेवर थांबे.

यंदा साळूबाई एकटी गेली. गाडी रेघ ओलांडून चांगली बैलगाडीच्या लांबीइतकी पुढे गेली, आणि तिथल्या मातीच्या ढिगात रुतून थांबली.

तपासनीस घोरपडबाई होत्या. त्या पोटावर सरपटत गाडीखाली गेल्या, दुसऱ्या बाजूने बाहेर आल्या आणि अंगावरची धूळ न झटकता म्हणाल्या, "ब्रेक संपलेत, बाई."

"गेल्या वर्षी होते."

"गेल्या वर्षीही नसणार."

साळूबाईच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. ब्रेक गेल्याचे तिला एवढे लागले नाही. पण गेल्या वर्षाबद्दल बोलण्याचा या बाईला काय अधिकार? गेल्या वर्षी गाडीत दोघे होते, आणि त्यांतला एक आता उत्तर द्यायला नव्हता.

घरी आल्यावर शेजारची टिटवी भेटायला आली. टिटवीचे घर उघड्या माळावर होते आणि त्यामुळे तिला सगळीकडचे दिसे. न दिसलेलेही दिसे. तिने सगळे ऐकून घेतले. नव्या गाड्या कशा भराभर पास होतात, माळावरच्या भंगारातले लोखंड पुढे कोणाच्या दारात जाते, घोरपडबाईंच्या कुंपणाला हल्ली लोखंडी फाटक कसे आले, हे तिने एकेक करून सांगितले. जाता जाता ती म्हणाली, "वहिनी, बाई एकटी दिसली की रेघ हलते."

हे वाक्य साळूबाईच्या मनात घर करून बसले. तसे अनुभव तिला नवऱ्यामागे आलेही होते. दाणेवाल्याचे माप लहान झाले होते, आणि पूर्वी वाकून बोलणारे आता ताठ उभे राहून बोलत होते. दुसऱ्या दिवशी ती उतारावर जाऊन झुडपामागे बसून राहिली. तिच्या देखत गाड्या आल्या आणि रेघेवर थांबल्या. तिच्या गाडीहून म्हातारी एक गाडी आली, तिचे दार दोरीने बांधलेले होते, तीही थांबली. सगळे गेल्यावर साळूबाईने रेघेपासून जुन्या मैलाच्या दगडापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. ते ती दरवर्षी मोजून ठेवी, आणि यंदाही तेवढेच भरले. रेघ हलली नव्हती.

तिचे समाधान झाले नाही. ज्याने रेघ हलवली, त्यानेच ती परत जागेवर आणून ठेवली असणार, असे तिला वाटले, आणि तो आपण समजलो त्याहून हुशार आहे, एवढेच तिने त्यातून घेतले.

शेवटी ती खवल्या मिस्त्री या खवलेमांजराकडे गेली. गाडी दुरुस्त करायला नव्हे. घोरपडबाई खोटे बोलल्या, एवढे त्याच्या तोंडून ऐकायला. तिने आजवर आपली गाडी कोणा मिस्त्रीच्या हाती दिली नव्हती. ते चांगले भाग काढून घेतात आणि जागी झिजलेले बसवतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. फार पूर्वी साळोबा एकदा म्हणाला होता, गाडी जरा दाखवून आणू या. तेव्हा तिचे काटे असे उभे राहिले होते, की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

खवल्या मिस्त्री अंगाची गुंडाळी करून गाडीखाली शिरला. त्याने एक चाक उतरवले, आत पाहिले, मग दुसरे उतरवले. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, उरलेलेच नव्हते. लोखंडावर लोखंड घासून आरशासारखे लख्ख झाले होते. नवे लायनर आपल्याकडे आहेत, सकाळी गाडी दिली तर दुपारपर्यंत काम होईल, असे त्याने सांगितले. मग तो चाकाकडेच बघत म्हणाला, "हे कित्येक वर्षांचं आहे, ताई. मला एवढंच सांगा, इतकी वर्षं ही गाडी थांबत कशी होती?"

साळूबाईला तो प्रश्न धूर्त वाटला. आपण पाठ वळवली त्या क्षणात याने आतले बदलले असावे, असा तिला संशय आला. मात्र आपण पाठ वळवलीच नव्हती, हेही तिला आठवत होते. तिने चाके होती तशी बसवायला लावली. आतले काही काढायचे नाही आणि नवे काही घालायचे नाही, असे तिने बजावले. गाडी साळोबा असताना जशी होती तशीच पास झाली पाहिजे, असा तिचा हट्ट होता. एक जरी भाग बदलला, तरी घोरपडबाईंचे गेल्या वर्षाबद्दलचे म्हणणे कबूल केल्यासारखे झाले असते.

दुसऱ्या खेपेला गाडी मातीच्या ढिगावर चढली. घोरपडबाई या वेळी खाली शिरल्याच नाहीत. आता एकच खेप उरली आहे आणि ती उद्या सूर्य मावळायच्या आत व्हायला हवी, एवढे सांगून त्या तपासणीच्या मांडवात गेल्या.

त्या संध्याकाळी टिटवी पुन्हा आली. रेघेचा विषय तिने सोडून दिला होता. तिला नवीन काहीतरी सुचले होते. "मिस्त्री म्हणतो, वर्षानुवर्षं ब्रेक नव्हते," ती म्हणाली. "मग शेजारी बसणाऱ्याला ठाऊक नसेल होय? मला आपलं वाटलं, म्हणून बोलले."

साळूबाईने तिला घालवून दिले. पण हा संशय आधीच्या संशयांसारखा नव्हता. आधीचे तिने बाहेरच्यांवर घेतले होते, आणि ते अंगावर बाळगण्यात एक प्रकारची ऊब होती. हा घरातल्यावर होता. साळोबा तिच्याशी कधी खोटे बोलला नव्हता. त्या अख्ख्या मुलखात, ज्याच्या विहिरीत तिने खडा टाकला नव्हता, असा तो एकच होता.

सकाळी ती गाडी घेऊन उताराकडे निघाली. वाटेत पळसाचे वळण लागते. तिथे आली तशी तिची मान सवयीने वर गेली. बाजाराला जाताना साळोबा दर वेळी बराच आधीपासून सांगू लागे, की त्या पळसावर सुगरणीचे घरटे आहे, जरा हळू घे, बघू पिल्ले बाहेर आली का. ती कुरकुरत वेग कमी करी. चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचे असते, म्हणून तिने स्वतः ते घरटे कधी नीट पाहिले नव्हते. घरटे आहे, असे तो म्हणे.

तिने ब्रेक दाबला. गाडी वळण ओलांडून, कुंपण घासून, बरीच पुढे जाऊन थांबली. साळूबाई उतरली आणि चालत मागे आली.

पळसावर काही नव्हते. जुन्या घरट्याची काडीही नव्हती. शेजारच्या शेतात एक सुगरण गवताची पाती ओढत होती, तिला साळूबाईने विचारले. सुगरणीला प्रश्नच चमत्कारिक वाटला. या झाडावर कोणी कधी बांधले नाही, ती म्हणाली. तिच्या जातीला घराखाली पाणी लागते, आणि इथे खाली नुसता रस्ता आहे. मग तिला आठवल्यासारखे झाले. "तुमच्या गाडीत एक जण असायचे ना? ते हात वर दाखवायचे, पण बघायचे रस्त्याकडे. आम्ही हसायचो."

साळूबाई गाडीत येऊन बसली. तपासणीच्या उतारावरही साळोबा दरवर्षी वरपासूनच काही ना काही दाखवून तिला हळू घ्यायला लावी, हे तिला आठवले. ऊन चढत होते. उताराकडे जाणारा रस्ता समोर होता. तिने गाडी वळवली आणि ती खवल्या मिस्त्रीच्या रस्त्याला लागली.

तो रस्ता वळणांचा होता. पहिल्या वळणाच्या अलीकडे एक आंबा होता, ज्यावर मधाचे पोळे आहे, असे साळोबा म्हणे. तिने वेगावरचा पाय उचलला, गाडी मंदावली, आणि फांदी मोकळी दिसली. पुढे त्याने सांगितलेली घुबडाची ढोली म्हणजे साध्या खोडावरचा नुसता डाग होता. खडकावरची वेल नव्हती, पुलापाशी फुललेला चाफा नव्हता. गाडी प्रत्येक ठिकाणी हळू झाली, वळली आणि पुढे गेली, आणि मिस्त्रीच्या दारापर्यंत तिला ब्रेकला पाय लावावा लागला नाही.