कललेली दीपमाळ

लहानथोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचे नावही आता कोणाला आठवत नाही. गाव थंड डोंगराच्या माथ्यावर होते आणि गावात एक देऊळ होते. हिवाळ्यात गाभाऱ्याच्या दाराला लोकरीचे भरतकाम केलेला पडदा लावावा, असा तिथला रिवाज होता. पडदा भरण्याचा मान एकाच घराकडे होता. उत्सवाच्या दिवशी सांजआरतीपूर्वी नीट पडदा लागला नाही, तर तो मान दुसऱ्या घरी जाई.

त्या घरात दोन जावा होत्या. सासूने मरताना थोरलीचा हात धरला आणि एवढेच सांगितले, की आपला मान जाऊ देऊ नकोस. थोरलीने ते ओझे उचलले. सात वर्षांत तिने ते एकदाही खाली ठेवले नाही.

जुन्या पडद्याला कसर लागली, तेव्हा नवा भरायला घेतला. जाळीचे कडक कापड चौकटीवर चढवले. मधोमध दीपमाळ भरायची आणि भोवतीची रिकामी जागा, म्हणजे जमीन, सगळी निळी. दीपमाळ थोरलीने स्वतःकडे ठेवली, जमीन धाकटीला दिली. दीपमाळ दोन महिन्यांत पुरी झाली. जमीन संपेना. एकच रंग, एकच तिरका टाका, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. शेजारणी येत, ज्योतींचे कौतुक करीत आणि निघून जात. जमिनीकडे कोणी पाहत नसे.

एके दिवशी धाकटीने सुई कापडात टोचून ठेवली.

"जाऊबाई, खांदा भरून आलाय. चार दिवस थांबते. नाहीतर थोडी जमीन तुम्ही भरा."

थोरलीही थकली होती. पण स्वतःचा थकवा तिला सेवा वाटे आणि धाकटीचा थकवा कामचुकारपणा.

"निळ्यात निळं भरायला खांदा कशाला लागतो?" ती म्हणाली. "मान गेला, की मग बस विसावा घेत."

धाकटीने सुई उचलली. पण दुखणारा हात टाका बेताने ओढत नाही, हिसका देतो. प्रत्येक टाका केसभर जास्त ताणला गेला आणि प्रत्येक टाक्याने कापड केसभर एका अंगाला ओढले.

चौकटीवरून उतरवला, तेव्हा पडदा कलला होता. यावर उपाय असतो. पडदा ओला करायचा, फळीवर चारी बाजूंनी ओढून सरळ करायचा, खिळ्यांनी जखडायचा आणि सावलीत पुरता वाळू द्यायचा. थोरलीने तसेच केले.

उत्सवाची सकाळ झाली. थोरलीने पडद्यावर हात फिरवला, कोरडा लागला. धाकटीने फळीच्या फटीतून बोटे आत घालून पाहिली.

"आत ओल आहे, जाऊबाई. दुपार टळेपर्यंत राहू द्या. आरतीला लावला तरी चालतो."

पण सकाळी सारा गाव दर्शनाला येणार होता, आणि गावाने दीपमाळ पाहावी, ही थोरलीची इच्छा होती.

"तुझं थांबणं काही संपत नाही, बाई," ती म्हणाली आणि खिळे उपटू लागली.

पडदा लागला तेव्हा सरळ होता. लोकांनी हात जोडले. थोरलीने सासूला मनोमन नमस्कार केला. मग ऊन वर आले आणि उरलेली ओल सुकू लागली, तसा पडदा हळूहळू पुन्हा आपल्या कलाकडे गेला. दुपारी रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "दीपमाळेला झोप आली की काय?" रांग हसली.

वृद्ध पुजारी बाहेर आले. त्यांनी पडदा पाहिला.

"सूनबाई, जमीन कोणी भरली?"

एक नाव थोरलीच्या ओठांवर आले. तिने मागे पाहिले. धाकटी डाव्या हाताने उजवा खांदा धरून उभी होती. गेले कित्येक महिने ती तशीच उभी राहत होती. थोरलीने ते आज पाहिले.

"हात तिचा होता," थोरली म्हणाली. "हिसका माझा."

पुजाऱ्यांनी मान हलवली. पण रिवाज तो रिवाज, आणि आरतीपर्यंत पडदा पुन्हा ओला करून वाळणे शक्य नव्हते. त्यांनी पडदा उतरवायला सांगितला. मान दुसऱ्या घरी गेला, आणि त्यांचा पडदा भरून होईपर्यंत, तो हिवाळाभर, देवाचे दार उघडे राहिले.

थोरलीने जमिनीचे सगळे टाके उसवले आणि निळी लोकर घेऊन स्वतः चौकटीपुढे बसली. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा भरून आला. तरी ती टाके घालत राहिली. धाकटीने तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हणाली, "उठा, पाठ टेका जरा."

पुढच्या हिवाळ्यापर्यंत पडदा पुरा झाला. या खेपेस तो सरळ होता. मान मात्र परत आला नाही. पडदा घडी होऊन पेटीत राहिला.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या थकव्याकडे पाठ फिरवून केलेली सेवा देवाच्या दारी टिकत नाही.