तांबडीचा संशय

फार पूर्वी माळावरच्या एका गोठ्यात तांबडी शेळी व्यायली. करडं दोन झाली, पण दूध एकापुरतंच होतं. धाकटं खंगत चाललं.

त्यातच मालकिणीने बाजारातून एक परकी शेळी आणली. ती सारखी धाकट्याकडे बघायची. "हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे," असं म्हणत तांबडी तिच्यावर शिंगं रोखायची.

एका सकाळी धाकटं परकीला लुचताना दिसलं. तांबडीने धावत जाऊन तिला ढुशी दिली. परकी कळवळली, पण जागची हलली नाही.

"पळत का नाहीस गं?" तांबडीने दरडावलं.

"हलले तर त्याच्या तोंडातला सड सुटेल," परकी म्हणाली. "माझं करडू गेलं. दूध मात्र अजून येतंय."

धाकट्याचं पोट भरेपर्यंत तांबडी शेजारीच उभी राहिली. नजर मात्र तिने परकीवरून हटवली नाही.